पुढचा कार्यक्रम कुठं?

ऑटो प्रताप नगरात शिरला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. चौकाच्या कडेला पोह्याच्या गाडीवर तर्री रटरटत होती आणि बशा हातात घेऊन माणसं रस्त्यावरच उभी होती. रात्रभर रेल्वेत बसून अंग आंबलं होतं, तरी मी ऑटो थांबवायला लावला. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतताना गाडीवाल्यानं ‘‘जास्त टाकू?’’ असं विचारलं. मी मान हलवली आणि पुढची पाच मिनिटं नाक-डोळे पुसण्यात गेली. पाणावल्या डोळ्यांनीच मी शेजारच्या खांबावरचं पत्रक वाचलं.

एकच पत्रक नव्हतं, थर होते. सगळ्यांत खाली गणपतीच्या आर्केस्ट्राचा फाटका कोपरा, त्यावर देवीच्या जागरणाचं, त्यावर निळ्या शाईतलं भीमगीतांच्या कार्यक्रमाचं, आणि सगळ्यांत वर, लेई अजून ओली असलेलं, खंजेरी भजनाचं. दसरा आदल्याच दिवशी झाला होता.

मी आले होते ती खरं तर या खांबासाठीच, फक्त ते मला ठाऊक नव्हतं. माझा भाचा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या राले शहरात असतो. तिकडं त्याला ब्लूग्रास नावाच्या संगीताचं वेड लागलं आहे. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार, उभा बेस. डोंगराळ मुलखातल्या माणसांचं, अंगणातलं आणि चर्चमधलं गाणं. येत्या महिन्यात कुठल्या गावात कोण वाजवणार याची यादी त्याच्याकडं असते आणि शनिवार-रविवार तो त्या यादीमागं गाडी घेऊन फिरतो. मागं एकदा फोनवर त्यानं मला विचारलं, ‘‘आत्या, आपल्याकडं अशी यादी कुठं मिळते?’’ मी ठाण्याची. माझ्याकडं नाट्यगृहांच्या जाहिराती होत्या. पण तो विचारत होता ते वेगळं होतं, हे मलाही कळत होतं. म्हणून दहा दिवसांची सवड काढून मावशीकडं, नागपूरला आले.

मावशीचं घर प्रताप नगरातल्या एका जुन्या लेआऊटमध्ये आहे. नागपुरात वसाहतीला लेआऊट म्हणतात आणि घराचा पत्ता प्लॉट नंबरानं सांगतात. एकमजली घरं, पुढं आंबा किंवा बेलाचं झाड, फाटकावर मालकाचं नाव आणि खाली त्यांच्या निवृत्तीपूर्वीच्या खात्याचं. आता मधूनमधून चारमजली इमारती उगवल्या आहेत. एका अंगाला खामल्याचा भाजीबाजार, दुसऱ्या अंगाला त्रिमूर्ती नगर, आणि थोडं पुढं आयटी पार्कचा रस्ता, जिथं संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांवर तरुण पोरापोरींची ही गर्दी लोटते. सोनेगावचा विमानतळ जवळच असल्यानं दर थोड्या वेळानं एखादं विमान गच्चीवरच्या टाकीला शिवून गेल्यासारखं जातं. इथल्या माणसांना त्याची इतकी सवय आहे की बोलणं मध्येच थांबवतात, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं सुरू करतात.

‘‘गाणं ऐकायले आली? मंग दीक्षाभूमीवर जाऊन ये आधी. आज-उद्या दुकानं उठतीन तिथली,’’ मावशीनं चहा पुढं करत फर्मावलं.

दुपारी गेले. १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथं लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते हे मैदान. दसऱ्याची गर्दी ओसरली होती, पण परतीच्या गाडीची वाट बघणारी कुटुंबं स्तूपासमोर पथाऱ्या टाकून होती. पुस्तकांच्या रांगेच्या शेवटी गाण्यांची दुकानं. पूर्वी कॅसेटी असत, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्ह आणि पातळ गाण्यांच्या पुस्तिका. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची पुस्तिका मी घेतली. वामनदादा नाशिक जिल्ह्यातले, पण नागपूरकर त्यांच्यावर हक्क असा सांगतात की जणू ते नागपुरातल्या इंदोऱ्यातच राहत होते. दुकानदार पुस्तिका कागदात गुंडाळता गुंडाळता गिऱ्हाइकांना तोंडी सांगत होता, कोणता गायक कोणत्या वस्तीत कोणत्या रात्री आहे. कुणी लिहून घेत नव्हतं. सगळ्यांना पाठ होत होतं.

तिथून परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की यादी आहे, फक्त कागदावर नाही.

खांबावरच्या पत्रकातलं मंडळ मावशीच्या घरापासून तीन गल्ल्यांवर, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसतं. रात्री आठला मावशी मला घेऊन गेली. बारा-तेरा माणसं होती. भगव्या टोप्या, पांढरे सदरे, आत येणारा प्रत्येक जण ‘‘जय गुरु’’ म्हणत होता. पेटी होती, ढोलक होती, टाळ होते. पण मंडळाचा जीव खंजेरीत. मंडळाचे म्होरके एसटीतून निवृत्त झालेले चालक. सगळे त्यांना ड्रायव्हर काका म्हणतात, मीही म्हणू लागले. ते एका कोपऱ्यात उघड्या बल्बसमोर बसून खंजेरी शेकत होते.

खंजेरी म्हणजे वीतभर व्यासाचं लाकडी कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं बकरीचं कातडं, आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. बस्स, एवढंच वाद्य. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं आणि आवाज बोदा होतो, म्हणून शेक द्यायचा. शेक जास्त झाला तर कातडं तडकतं. काका बोटाच्या पेरानं मधूनमधून टिचकी मारून बघत होते, अगदी खवय्यानं कलिंगडावर मारावी तशी. एका क्षणी ‘टण्’ असा आवाज आला आणि त्यांनी हात मागं घेतला. ‘‘झाली तयार. आता अर्धा घंटा हे आपली.’’ अर्ध्या तासानं पुन्हा बल्ब.

मग गाणं सुरू झालं आणि मी त्यांच्या हातांकडं बघत राहिले. डाव्या हातात खंजेरी उभी धरलेली, उजव्या हाताच्या बोटांनी थाप. लक्ष द्यायचं ते डाव्या हाताकडं. त्याच हाताची बोटं मागून कातड्यावर दाब देतात आणि सुटी होतात, त्यामुळं थापेचा आवाज खाली-वर सरकतो, घुमतो, जणू कातडं काहीतरी बोलायला बघतं आहे. चकत्यांचा छणकार वेगळाच चाललेला. एका वीतभर वाद्यात तबल्याचा डग्गाही आणि टाळही. काका चाल सांगत, बाकीचे झील धरत, आणि लय वाढत जाई. मध्येच विमान आलं. कुणी थांबलं नाही. बोलताना थांबतात, भजनात थांबत नाहीत.

थोडी विश्रांती झाली तेव्हा काकांनी खंजेरी माझ्या हातात दिली. मी थाप मारली. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. ढोलकवाल्या पोरानं तोंड फिरवून हसू लपवलं. ‘‘होते, होते,’’ काका म्हणाले, ‘‘महाराजांनी हेच तर पाह्यलं नं. पेटी घ्यायले पैसा लागते, तबला शिकायले वर्सं लागतात. हे कोणाले बी जमते.’’ कुणालाही जमतं हे काही मला पटलं नाही. माझा तळहात दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल होता.

महाराज म्हणजे तुकडोजी महाराज. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेला माणिक, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य. त्यांनी खंजेरी हाती घेऊन गावोगाव भजनं केली, ग्रामसफाईपासून दारूबंदीपर्यंत सगळे विषय भजनात आणले, पुढं ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली. ऑगस्ट १९४२मध्ये चिमूर आणि आष्टी पेटली, तेव्हा इंग्रज सरकारनं त्यांना अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. १९५५मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही खंजेरी बरोबर होती. आज नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या पोरांच्या पदवीवर ते नाव छापलेलं असतं त्यांतल्या कितींनी खंजेरी हातात धरली असेल, हा प्रश्न मी तिथं विचारला नाही.

बैठक संपता संपता काकांनी खिशातून जाड, कडा झिजलेली डायरी काढली आणि चष्मा चढवून वाचायला सुरुवात केली. कोजागिरीला आपल्याच लेआऊटमध्ये. पंचमीला महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरी. मग एकादशीला त्रिमूर्ती नगर, भाऊबीज झाल्यावर मंडईची जत्रा, तिकडं भंडाऱ्याच्या बाजूला. ज्याला यायचं त्यानं हात वर करायचा. मी पंचमीला हात वर केला. ‘‘ताई येऊन राह्यल्या मोझरीले,’’ कुणीतरी म्हणालं, आणि गाडीत माझी जागा पक्की झाली.

कोजागिरीपर्यंतचे दिवस मी नागपूरकरांसारखे काढले, म्हणजे खाण्यात. सांभारवडी, पाटोडी, एकदा वडाभात. एका संध्याकाळी सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृहावरून गेले. तिथल्या फलकावर मोठ्या कलावंतांची नावं होती, तिकिटांचे दर होते, चांगलं बांधलेलं दालन. मुर्तिजापूरला जन्मलेल्या आणि नागपुरात वाढलेल्या वसंतरावांचं नाव त्याला आहे, यापेक्षा चांगलं काय. पण भाच्याचा प्रश्न त्या फलकापाशी सुटत नव्हता. तिथं जायचं तर तिकीट काढून श्रोता व्हायला लागतं. देवळात आठ दिवस गेलं तर नवव्या दिवशी टाळ हातात येतात.

कोजागिरीला एका घराच्या गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. बायकांचं भजनी मंडळ आधी, पुरुषांचं नंतर. ध्वनिक्षेपकवाल्यानं सातची वेळ दिली होती. साडेआठ झाले तरी त्याचा पत्ता नव्हता; फोन केला की ‘‘निघालोच’’ म्हणे. शेवटी मावशी उठली आणि म्हणाली, ‘‘राहू द्या बाप्पा तुमचा माईक.’’ बायका गोल करून बसल्या. आधी भुलाबाईची गाणी. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाई बसते, पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं असतं. इथं गाणाऱ्या पोरी साठीच्या पुढच्या होत्या. एका आजीबाईंना एक कडवं आठवेना, तर पलीकडच्या घराच्या गच्चीवरून कुणीतरी अंधारात ते म्हणून दाखवलं. डबा हलवून ‘खमंग की गोड’ अशी विचारणा झाली आणि सांभारवडी कुणालाच ओळखता आली नाही, वास सगळीकडं पसरलेला असूनसुद्धा.

पुरुषांची भजनं सुरू झाली तेव्हा मी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडं सकाळ होती. ड्रायव्हर काका, ढोलक, पेटी, झील धरणारे, सगळे एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. माईक नसल्यानं जो चाल सांगणार तो पुढं झुकायचा आणि बाकीचे आवाज आपोआप खाली घ्यायचे. भाचा थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘‘आत्या, आमच्याकडं पण असंच करतात.’’ ब्लूग्रासच्या जुन्या पद्धतीत मंचावर एकच माईक असतो. ज्याची पाळी तो माईकपाशी सरकतो, आपला तुकडा वाजवतो, मागं होतो, दुसरा पुढं येतो. सगळा कार्यक्रम म्हणजे त्या एका काठीभोवतीची ये-जा.

त्यानं मला बिल मन्रोबद्दल सांगितलं होतं. १९११ साली केंटकीत जन्मलेला मँडोलिनवाला, म्हणजे तुकडोजींहून दोन वर्षांनी धाकटा. केंटकीला निळ्या गवताचं, म्हणजे ब्लूग्रासचं राज्य म्हणतात म्हणून त्यानं आपल्या मंडळाला ते नाव दिलं, आणि १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी बँजो वाजवणारा पोरगा त्यात आला, तेव्हापासून त्या संगीताची चाल ठरली. त्यांच्या जुन्या जोडणीत ढोल-ताशाच नाही. ठेका मँडोलिनवाला तारांवर कापल्यासारखे आघात करून धरतो. इथं उलट, तार एकही नाही, कातड्यानंच सूर काढायचा. मी काकांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बेंजो तर आपल्याकडं बी हे नं?’’ आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग, आणि त्याचा मूळपुरुष १९१२ साली जपानात नागोयाला तयार झालेला तैशोगोतो. नाव अमेरिकेचं, घराणं जपानचं, आणि वाजतो आपल्या वरातीत. काकांना हे फार आवडलं. त्यांनी ते लगेच ढोलकवाल्याला स्वतःच्या माहितीसारखं सांगितलं.

ध्वनिक्षेपकवाला सव्वादहाला आला. त्यानंतरचा कार्यक्रम मी खाली जाऊन, दूध घेऊन, फाटकापाशी उभं राहून ऐकला.

पंचमीला पहाटे पाचला निघालो. एका सुमोत अकरा माणसं, मागं पेटी, मांडीवर खंजेऱ्या. वाडीच्या पुढं उजाडलं. प्रताप नगर ते मोझरी हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. काकांनी या रस्त्यावर उमेदीची वर्षं एसटी चालवलेली, त्यामुळं ते चालवणाऱ्या पोराला प्रत्येक वळणाआधी सूचना देत होते, आणि तो पोरगा ‘‘हाव काका’’ म्हणून आपल्या मनाप्रमाणं चालवत होता. कोंढाळीला चहा. रस्त्याकडेला संत्र्यांच्या बागा, फळं अजून हिरवट. कारंजा घाडगे सोडलं की तळेगाव लागतं. तिथून आत वळलं की आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ला तिथं पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, दोन्हीकडची माणसं पडली. गाडीत तोपर्यंत हास्यविनोद चालला होता. तळेगावच्या फाट्यावर काकांनी न बोलता टोपी सरळ केली.

तिवसा मागं पडलं आणि रस्ता माणसांनी भरला. गुरुकुंज मोझरी महामार्गालाच लागून आहे, आश्रम आणि समाधी सगळं रस्त्याच्या दोन हातांवर. आश्रमाची स्थापना १९३५ची. ११ ऑक्टोबर १९६८ला महाराज गेले तेही इथंच. आश्विन वद्य पंचमीला पुण्यतिथी, त्याआधी काही दिवस महोत्सव. पायी पालख्या आलेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, भगव्या टोप्यांचा समुद्र. जिकडं सावली तिकडं एक मंडळ, आणि प्रत्येक मंडळाची खंजेरी वेगळ्या उंचीला लागलेली. एका झाडाखाली सतरा-अठरा वर्षांचा मुलगा सात खंजेऱ्या मांडून बसला होता. अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी सप्तखंजेरीचं हे कसब घराघरांत नेलं; दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांच्यावर टोले हाणत ते एकाच वेळी सात खंजेऱ्या वाजवतात. त्यांची नक्कल करणारी पोरं आता विदर्भभर आहेत. या पोराची पाचवी खंजेरी सारखी घसरत होती. तो गुडघ्यानं ती सावरायचा आणि ठेका सोडायचा नाही. नक्कल असेल, पण गुडघा त्याचा स्वतःचा होता.

आमच्या मंडळाला शेकायला बल्ब नव्हता. काकांनी खंजेऱ्या सुमोच्या तापलेल्या बॉनेटवर ओळीनं मांडल्या आणि स्वतः पहाऱ्याला उभे राहिले.

चार वाजल्यानंतर सगळी गर्दी समाधीच्या दिशेनं सरकू लागली. ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. घड्याळात पाच-सहा मिनिटं असतानाच आवाज ओसरायला लागला, आधी विक्रेते, मग पोरं, मग महामार्ग. रस्त्यावर ट्रक उभा होता, चालक खाली उतरून टायरजवळ हात जोडून उभा. इतकी माणसं आणि इतकी शांतता एकाच जागी मी कधी अनुभवली नव्हती. माझ्या पुढं एका बाईच्या कडेवर पोर होतं, त्याच्या मुठीत दुकानातली खेळण्यातली खंजेरी. ते मधूनच ती हलवायचं आणि चकत्या वाजायच्या. आईनं त्याला गप्प केलं नाही. मौन सुटल्यावर सर्व धर्मांच्या प्रार्थना सुरू झाल्या.

अंधार पडल्यावर काका सापडेनात. शेवटी दिसले ते एका चहाच्या टपरीवर, चंद्रपूरकडच्या कुठल्याशा मंडळाच्या म्होरक्याबरोबर. दोघांच्याही डायऱ्या उघड्या, दोघंही एकमेकांचं लिहून घेत होते. मला बघताच म्हणाले, ‘‘ताई, वडशाले या एकदा. दिवाळी झाली का झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर. गाणारे-वाजवणारे स्टेजसमोरच बसते. थे नाई पाह्यलं त काय पाह्यलं?’’ मी त्यांच्या डायरीच्या पानाचा फोटो काढला आणि तिथूनच भाच्याला पाठवला. खाली लिहिलं, ही घे यादी.

परतीच्या वाटेवर तळेगावच्या आसपास त्याचं उत्तर आलं. पान त्यानं मोठं करून नीट वाचलं होतं. एकादशी, भाऊबीजेचा तिसरा दिवस, मंडईची रात्र, धानकापणी झाल्यावर.

‘‘आत्या, यात तारखा कुठं आहेत?’’

मी मोबाइल काकांपुढं धरला. ते पुढच्या सीटवर खंजेरी मांडीवर घेऊन पेंगत होते. त्यांनी एक डोळा उघडून वाचलं, आणि म्हणाले, ‘‘त्याले सांगा, कालनिर्णय घे म्हणा.’’